गैरहजेरीचं कौतुक

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या ऑफिसात, म्हणजे दोन कपाटं आणि तीन खुर्च्या जेमतेम मावतात त्या खोलीत, दरवर्षी एक यादी भिंतीला लागते. एकही खाडा न करणाऱ्या मुलांची. प्रजासत्ताक दिनाला त्यांना झेंड्याजवळ बोलावून प्रमाणपत्र देतात, सरपंच टाळ्या वाजवतात, कुणाची तरी आई पदर सावरत मोबाइल पुढे धरते. गोड कार्यक्रम असतो. ती नावं बहुतेक वेळा मीच वाचते आणि वाचताना डोक्यात एक किडा वळवळत राहतो. सहा-सात वर्षांचं लेकरू, जूनअखेर शाळा उघडल्यापासून एकदाही तापलं नाही? हे कसं शक्य आहे? तापलं असणार, खोकलं असणार, अंगावर फोड उठले असणार. तरीही ते आलं. बसकरपट्टीवर दोघांच्या मधे बसलं आणि जे होतं ते वाटून घरी गेलं. त्याचंच आम्ही प्रमाणपत्र देतो.

मुलांचे साथीचे आजार शाळेत पसरू नयेत म्हणून पत्रकं येतात, प्रशिक्षणं होतात. हात धुवा, नखं कापा, रुमाल आणा. सगळं बरोबर आहे. त्यातच एक ओळ असते, 'आजारी मुलाला घरी ठेवावे'. लिहिणाऱ्याचं पेन त्या ओळीवरून सर्रकन पुढे गेलेलं असतं. माझं तिथेच अडतं. घरी ठेवावे, पण घरी आहे कोण?

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव कापसाचं. थोडं सोयाबीन, थोडी तूर. शेतात सीतादही होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिला वेचा सुरू होतो, आणि तिथून संक्रांत उलटेपर्यंत सकाळी नऊनंतर गावात बाईमाणूस दिसत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते. पाच मिनिटं पाठ टेकली तरी तेवढा कापूस कमी. अशात तिसरीतली पोरगी तापानं फणफणली तर तिच्याजवळ बसणं म्हणजे त्या दिवसाचं तेल-मीठ सोडणं. नवरा दुसऱ्याच्या शेतात, सासूचे हात चालत असले तर तीही वेचायला. शाळेत निदान सावली आहे, मॅडम आहे, दुपारची गरम खिचडी आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ मंजूर असतो, आणि ज्या घरात दुपारी चूल पेटत नाही तिथे तो घरच्या हिशेबात धरलेला असतो. शिवाय ठरावीक गटांतल्या मुलींना हजेरीवर दिवसाला एक रुपया भत्ता आहे, १९९२ पासूनचा. रुपयात आता चॉकलेटही धड येत नाही. तरी त्यातून घराघरात पोचलेली गोष्ट पक्की आहे: शाळेत आलं तर मिळतं. मुलींना शाळेत आणायचं होतं तेव्हा ते लागतच होतं. पण तापलेल्या मुलीनं चार दिवस न येण्याचं काय, हे त्यानंतर कुणी ठरवलंच नाही.

एका आईनं मला शाळेच्या फाटकात उभं राहून विचारलं होतं, "तिले घरी ठेवू त कोणापाशी ठेवू, मॅडम? तुमीच सांगा." आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

त्या मुलीला कांजिण्या होत्या. ती साथ मला अजून स्वच्छ आठवते, कारण तिची सुरुवात शाळेत झालीच नव्हती.

सगळ्यांत आधी दुसरीतल्या एका मुलीच्या पोटावर पाण्यानं भरलेले फोड दिसले. मी आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, फोन केला. आशाताईंना गावातलं कुणाच्या घरी काय दुखतंय ते रजिस्टर न उघडता सांगता येतं. त्या आल्या, पोरीचा फ्रॉक वर करून बघितला आणि तिलाच विचारलं, "तुह्या आजीले नागीण केव्हा झाली होती व?" मला प्रश्नाचं टोकच सापडेना. फोड पोरीला आणि चौकशी आजीची. मग उलगडा झाला. आजीच्या कमरेवर दोन-अडीच आठवड्यांपूर्वी नागीण उठली होती. घरच्यांनी गेरूचा लेप लावला, कुणाकडून तरी मंत्र टाकून आणला. नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातं म्हणतात, त्या धास्तीनं चार दिवस घर जागं राहिलं. आणि ही नात रोज आजीच्याच गोधडीत झोपत होती.

नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, खपल्या पडल्या, आपण विसरलो, तरी तो अंगातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळांशी असलेल्या गाठींत वर्षानुवर्षं दडून राहतो. वय झालं, शरीराची ताकद उतरली, की एखाद्या तंतूची वाट धरून कातडीवर पट्ट्यानं उगवतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो, त्यामुळे नागीण सहसा पाठीचा कणा ओलांडून पलीकडे जात नाही. टोकं जुळायची भीती बिनबुडाची, ती त्यामुळेच. खरी काळजी वेगळी असते. त्या फोडांतलं पाणी कांजिण्या न झालेल्या लेकराला लागलं, तर लेकराला नागीण होत नाही, कांजिण्या होतात. फोड नीट झाकलेले असले तर हा धोका बराच कमी होतो. गेरूचा लेप म्हणजे झाकणं नव्हे.

लागण झाल्यापासून फोड दिसेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. आशाताईंनी बोटांवर मोजलं आणि हिशेब बसला.

पण आम्ही हिशेब करत होतो तोवर पाणी पुढे गेलं होतं. फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल इतरांना कांजिण्या देत असतं, त्यामुळे दिसलं की वेगळं करा हा नियम पाळूनही आपण उशिराच पोचतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पहिली आणि तिसरीचे वर्ग विरळ झाले. दारोदार कडुलिंबाचे डहाळे लागले. माता निघाली होती, कांजिण्यांना इथे असंच म्हणतात. घरात फोडणी बंद, तळण बंद, बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही.

डी.एड. करून आलेल्या माणसाला अशा वेळी अंधश्रद्धेवर भाषण द्यायची उबळ येते. आशाताईंनी दिलं नाही. एका दारात उभं राहून त्या एवढंच म्हणाल्या, "माता हाय त मंग पोरीले बाहेर कायले काढता? पुरती खपली धरू द्या." मला तेव्हा जाणवलं की मुलाला इतरांपासून वेगळं ठेवायचं, हे आमच्या पत्रकाच्या कितीतरी आधीपासून मातामायच्या नावानं गावात चालत आलेलं आहे. मातामायच्या ठाण्यावर दहीभात ठेवेपर्यंत लेकरू घराबाहेर जायचं नाही, ही जुनी रीत साथीच्या दृष्टीनं चोख होती. ती मोडली कापसानं. "दोन दिस पाळलं जी. आता ताप नाई, फोडंच हायत," असं सांगून आया पोरांना शाळेत सोडून जायच्या. प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, ते मूल वर्गात नको असतं. दोन दिवस हे हजेरीपटाच्या आणि वेचणीच्या सोयीचं गणित होतं.

सगळी रीत मात्र डोळे मिटून घेण्यासारखी नाही. 'मातेला दवाखान्यात नेऊ नये' हे त्यातलं सर्वांत घातक. कांजिण्या बहुतेक मुलांत आपल्या आपण जातात. तापाला पॅरासिटामॉल पुरतं, ॲस्पिरिन अजिबात द्यायचं नाही, कारण त्यातून क्वचित यकृताला आणि मेंदूला जिवावर बेतणारा त्रास होतो. पण गोवरालाही माताच म्हणतात, आणि गोवर हे वेगळं प्रकरण आहे. त्यातून न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात, डोळ्यांवर बेततं. त्यासाठीच गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात. गोवर गेल्यावरही पुढचे कित्येक महिने मूल इतर आजारांना सहज बळी पडतं, कारण अंगात आधी साठलेली प्रतिकाराची ओळखपाळख गोवर पुसून टाकतो. तिथे दाराला लावलेला डहाळा पुरत नाही.

फाटकातल्या त्या आईच्या प्रश्नाला उत्तर शेवटी शाळेनं दिलं नाही, आजीनं दिलं. तिची नागीण एव्हाना वाळून गेली होती. ज्या अंगात तो विषाणू पन्नास-साठ वर्षं मुक्कामाला आहे त्या अंगाला पोरांच्या कांजिण्यांची काय भीती? आशाताईंनी तिला समजावलं आणि ती म्हणाली, "माह्यापासून झालं म्हणता ना? मंग मीच पाह्यतो पोट्ट्यायकडं." तिच्या ओसरीवर गोधड्या पडल्या. फोड आलेलीच पोरं तिथे ठेवायची, धाकट्या भावंडांना सोबत न्यायचं नाही, असं ठरलं. गल्लीत एक सून गरोदर होती, तिला लहानपणी कांजिण्या झाल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. तिला त्या बाजूला फिरकूही दिलं नाही, कारण गरोदरपणात कांजिण्या आईला आणि बाळाला दोघांनाही जड जातात. आजीनं पोरांची नखं कापली, कारण खाजवून फोड चिघळतात. चिंचोक्यांचे डाव मांडले. शिव्याही भरपूर दिल्या. आया निर्धास्त वेचायला गेल्या.

तेवढ्यात खिचडीचा प्रश्न आला. पोषण आहार शाळेत हजर असलेल्या मुलांना, शाळेतच. रोजचा आकडा ॲपवर भरायचा. ओसरीवरच्या पोरांचा तांदूळ कागदावर शिजतच नव्हता. आमच्या स्वयंपाकीताई त्या दिवसांत पातेल्यात उरलेलं डब्यात घालून जाता जाता आजीकडे देत. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि मीही त्यांना विचारलं नाही. पण हे उरलंसुरलं देणं मला टोचत राहिलं. कोविडात शाळा बंद झाल्या, आमच्यासारख्या गावांतली पहिली ते चौथी थेट १ डिसेंबर २०२१ ला उघडली. मधल्या काळात ह्याच मुलांचा तांदूळ आणि डाळ कोरडा शिधा म्हणून घरी पोचवला गेला. आम्हीच पोत्यांशेजारी बसून मापून दिला. सगळी शाळा बंद असते तेव्हा जे जमतं, ते एकट्या लेकराला गालगुंड होतं तेव्हा का जमू नये? खपली धरेपर्यंत घरी राहिलेल्या मुलाचा आठवड्याचा तांदूळ घरी जाऊ द्या आणि त्याचा रुपया कापू नका, एवढं केलं तर अर्धी आजारी पोरं आपसूक घरी राहतील, असं मला वाटतं. हे मी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडलं. "लेखी द्या, वर पाठवतो," असं उत्तर मिळालं. लेखी दिलं आहे.

प्रमाणपत्राचंही बोलून पाहिलं. आमचे मुख्याध्यापक समजूतदार आहेत. ते म्हणाले, "मॅडम, मले पटते. पण वरून हजेरीचा टक्काच विचारतात, कोणाला काय झालं होतं ते नाही विचारत." मग आम्ही आमच्यापुरती एक पळवाट काढली. आजारपणाची चिठ्ठी आलेल्या मुलाचे ते दिवस यादीसाठी खाडा धरायचे नाहीत. चिठ्ठी म्हणजे वहीच्या पानावर आईचा अंगठा आणि आशाताईंची सही. यादी थोडी लांबली. कुणाची तक्रार आली नाही.

स्वच्छतेबद्दल मात्र माझं मत लोकांना जरा तिरपं वाटतं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, आणि आमच्या मुलखात तेव्हापासून स्वच्छता म्हटलं की हातात खराटा येतो. ह्याचा मला अभिमानच आहे. पण शाळेत साथ आली की आधी अंगण झाडायचं, नाली उपसायची, ब्लिचिंग टाकायची आणि फोटो वर पाठवायचा, एवढ्यावर समाधान मानण्याचा मोह त्यातून होतो. खराट्यानं गोवर जात नाही. गोवरचं मूल खोकून खोलीतून निघून गेलं तरी बंद खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो, आणि लस नसलेल्या माणसांत एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. आरशासारख्या चकचकीत फरशीशी त्याला काही देणंघेणं नाही. तिथे उपयोगी पडते ती उघडी खिडकी. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे सकाळी बोचरी थंडी असते आणि पोरं आधी खिडक्या लावून घेतात. मी वर्ग सरळ बाहेर उन्हात काढते. फळा दिसत नाही, अर्धं लक्ष रस्त्यावरच्या बैलबंडीकडे जातं, पण सगळ्यांचा श्वास एका खोलीत कोंडत नाही.

हातांचे आजार वेगळे. जुलाब, कावीळ, जंत. त्यांना साबण पुरतो, पण साबण टिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे. पोरं नेतात असं बाहेरचे लोक समजतात. आमचे साबण कावळे नेतात. वडी दिसली की चोचीत धरून थेट लिंबावर. मग आम्ही वडी जुन्या मोज्यात घालून तोटीला बांधली. मोजा ओला करून चोळला की फेस येतो आणि कावळा हिरमुसून जातो. मार्चनंतर बोअरचं पाणी खाली गेलं की तोट्याच कोरड्या पडतात. तेव्हा झाकणाला भोक पाडलेली बाटली उलटी टांगतो, बारीक धारेत दोन तांब्यांत वर्ग उरकतो. पिण्याच्या पाण्यात हात बुडू नये म्हणून माठावर लांब दांड्याचं ओगराळं ठेवलं आहे. ते रोज एकदा तरी जमिनीवर सापडतं.

पाटी अजून पहिलीत आहे, आणि पाटी थुंकीनं पुसायची विद्या पोरं कुठून शिकून येतात देव जाणे, कुणी शिकवत नाही. दर सोमवारी ओल्या फडक्याचा तुकडा वाटायचा. मंगळवारी तो हरवलेला असतो.

१० फेब्रुवारीला जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, समोर उभं राहून चावून खायला लावायची. गालात धरून बाहेर थुंकणारे पटाईत मला चेहऱ्यानं माहीत आहेत. पण गोळी खाऊन अनवाणी शौचाला शेतात गेलं की जंत पुन्हा पायातून आत येतात, तेव्हा चपलेचा आग्रह गोळीइतकाच धरावा लागतो.

डोळे येण्याची साथ २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर होती, बुलढाणा जिल्ह्यात तर फारच. जत्रेतले काळे गॉगल लावून निम्मा वर्ग बसला होता, सगळे एखाद्या टोळीचे सरदार. डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात ही समजूत घट्ट आहे. बघितल्यानं काही होत नाही. त्याच हातानं डोळा चोळून तोच हात दाराच्या कडीला, दुसऱ्याच्या वहीला लागला की होतं. गॉगलचा उपयोग एवढाच की बोट डोळ्यात जायचं थांबतं. तेवढा का होईना, झाला.

खरजेबद्दल एका आश्रमशाळेतल्या मैत्रिणीकडून खूप शिकले. तिथे मुली राहायलाच असतात, अंथरूण-पांघरूण एकमेकींत फिरतं. खाजवणाऱ्या चौघींना मलम लावलं की महिन्यानं पुन्हा आठजणी खाजवायला लागतात, कारण पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा कातडीत शिरल्यापासून खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. आज न खाजवणारीच्या अंगात तो आहेच. म्हणून औषध सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कपडे-चादरी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात. नंतरही काही आठवडे खाज राहते, तेव्हा औषध फुकट गेलं असं समजून रोज रोज चोपडायचं नाही. विदर्भाचं ऊन हे ह्या कामातलं आमचं फुकटचं औषध. मे महिन्यात त्याला शिव्या देतो ते सोडा.

उवांचं नाव घेऊन कुणालाही घरी पाठवू नये, असं मी आता ठामपणे म्हणते. उवांनी कुणी मरत नाही, लाजेनं मात्र मुलगी शाळा सोडते. गजकर्णाचंही तसंच, औषध सुरू करा, डाग झाका आणि बसू द्या. घरी ठेवायचं ते कांजिण्या, गोवर, गालगुंड, जुलाब, ताप अशांना. गालगुंडाला सूज दिसल्यापासून पाच दिवस, गोवराला पुरळ उठल्यापासून चार दिवस, जुलाब थांबल्यावर आणखी एक-दोन दिवस. सरसकट हाकलण्यात आणि सरसकट बसवण्यात सारखाच आळस आहे.

आणि सगळ्यांच्या वर लस. इथे मला २०१८ आठवतं. २७ नोव्हेंबरला राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, आणि शाळा हेच तिचं मुख्य ठिकाण होतं. आमच्या शाळेचा दिवस ठरला. आदल्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲपवर कुठलासा व्हिडिओ फिरला, सुई घेतल्यावर पोरं बेशुद्ध पडतात, पुढे त्यांना मुलंबाळं होत नाहीत वगैरे. सकाळी वर्ग ओस. तापात, खोकल्यात, फोडांसकट येणारी पोरं नेमकी त्या दिवशी आजारी पडली. ऐन वेचणीत आयांनी रोजंदारी बुडवून लेकरं घरी धरून ठेवली. म्हणजे मनावर घेतलं तर ठेवता येतं, असा टोमणा माझ्या जिभेवर आला होता, तो गिळला. भीती मजुरीपेक्षा मोठी होती, एवढाच त्याचा अर्थ.

नर्सबाई खुर्चीवर बसून होत्या, लसीचा डबा उघडलेला, घड्याळाकडे बघत. मुख्याध्यापकांनी आपल्या नातवाला बोलावून घेतलं आणि सगळ्यांत आधी, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, बघ्यांच्या देखत त्याला टोचायला लावलं. पोरगं बोंबललं, अर्ध्या तासानं अंगठ्यावरची लस घेतल्याची शाई मिरवत विटीदांडू खेळायला पळालं. दुपारपर्यंत रांग लागली. भाषणानं हे झालं नसतं.

त्या रांगेतल्या मुलांचं पुढे काय व्हायचं टळलं ते कधीच दिसणार नाही, लसीचं दुर्दैव हेच. न घेतल्याचं मात्र दिसतं. कोविडात हुकलेल्या डोसांनंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे आणि मालेगाव-भिवंडीत गोवरानं डोकं वर काढलं, ते सगळ्यांनी पेपरात वाचलं. गोवर रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात. आमच्यासारख्या चाळीसच्या आतबाहेर पट असलेल्या शाळेत म्हणजे फक्त दोन मुलांची सूट. आणि आमच्या पट्ट्यात दिवाळीनंतर तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर निघून जातात. पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. त्यातला एक नेमका पाचटाच्या कोपीत असताना यायचा आणि राहून जायचा.

गालगुंड आणि कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाहीच. ती खासगीत पैसे मोजून मिळते, आणि इथल्या आईला मी ती कुठल्या तोंडानं सांगू? ते दोन आजार आम्ही ओसरीवर आणि उघड्या खिडकीवरच सोपवले आहेत.

जी फुकट आहे ती तरी पूर्ण व्हावी म्हणून पहिलीत दाखल करताना मी लसीचं कार्ड मागते. आधार मागतो, जन्माचा दाखला मागतो, बँकेचं पासबुक मागतो, मग कार्ड का नाही? कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि अडवूही नये. शिक्षण हक्क कायदा आहेच, शिवाय अडवून आपण कुणाला शिक्षा करणार? मी फक्त बघते आणि राहिलेल्यांची नावं आशाताईंना देते. पाचव्या वर्षाचा डीपीटीचा डोस सगळ्यांत जास्त राहून गेलेला सापडतो. घटसर्प आणि डांग्या खोकला आता होत नाहीत, अशा समजुतीनं आईबाप निवांत असतात. एका तांड्यावरच्या आईनं तीन पिशव्यांत गुंडाळलेलं कार्ड काढून दाखवलं, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेलं. एक डोस पार दुसऱ्या जिल्ह्यात, साखर कारखान्याजवळच्या केंद्रात घेतलेला, तारखेसकट. आणि ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांचं कार्ड 'कुठंतरी असन, पाहावं लागन'.

ह्या वर्षी पहिलीत दोघांचा डीपीटी राहिला आहे. पाचवीतल्या काहींचा दहाव्या वर्षाचा टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचा डोसही बाकी आहे. पुढच्या सत्राला नर्सबाई शाळेतच बसतील असं ठरलं आहे. दोघांतला एक मागच्या कुंपणावरून पळण्यात तरबेज आहे, म्हणून त्याच्या आजोबांना खुर्ची टाकून कुंपणाशी बसायला सांगितलं आहे. ते म्हणाले, "बसतो जी. पण मले नका टोचू म्हंजे झालं."